तीन मालकांची टाकी

जुना ट्रॅक्टर बघायला कुणी एकटं जात नाही. निदान चौघं तरी लागतात. एक पैसे देणारा, एक टायर बघणारा, एक इंजिनाचा आवाज ऐकणारा आणि एक नुसतंच 'घाई करू नका' म्हणणारा. टायर बघणारा रबराला नख लावतो आणि तोंड वाकडं करतो. टायर नवेकोरे असले तरी करतो, कारण भाव तिथंच पाडायचा असतो. आवाज ऐकणारा डोळे मिटून धुरांड्याकडे कान करतो. 'घाई करू नका' म्हणणाऱ्याला घरी परतायची घाई असते. ह्या चौघांत ट्रॅक्टरखाली वाकून बघणारा मात्र कुणी नसतो. खाली वाकलं की पँट मळते, आणि व्यवहाराला माणसं पांढरी पँट घालून जातात.

व्यापाऱ्याला हे ठाऊक असतं. नीरा नदीच्या अलीकडे काय आणि पलीकडे काय, जुन्या ट्रॅक्टरच्या कुठल्याही अड्ड्यावर गेलात तर ट्रॅक्टर सोडून आधी जमीन बघा. खडी टाकलेली असेल, नाहीतर वाळू. सिमेंटचा कोबा कुणीही करत नाही. दिवसाला लाखांचे व्यवहार करणाऱ्या माणसाला चार पोती सिमेंट परवडत नाही असं थोडंच आहे? पण कोबा चुगलखोर असतो. वाळू सगळं पोटात ठेवते.

आमच्या थोरल्या चुलतभावानं, म्हणजे दादानं, अशाच एका वाळूवरून ट्रॅक्टर उचलला. चाळीसेक हॉर्सपॉवरचा, नुकताच रंग दिलेला, बॉनेटवर आधीच्या कुणाच्या तरी आईवडिलांची कृपा लिहिलेली. कंपनीचं नाव सांगत नाही. कंपनीनं तो दाराबाहेर काढला तेव्हा तो गळत नव्हता. त्यानंतर तो कुठं कुठं नांदला त्याला कंपनीनं काय करावं? आरसी बुकात दादाच्या आधी तीन नावं होती. पहिला मालक नगरकडचा, दुसरा सोलापूरच्या बाजूचा आणि तिसरा आमच्याच जिल्ह्यातला, पण डोंगराकडचा. "तिन्ही घरं चांगली होती," व्यापारी म्हणाला.

ट्रॅक्टर घरी आला, नारळ फुटला, वहिनींनी पुढच्या चाकांवर पाणी घालून हळद-कुंकू लावलं आणि रात्री तो ओट्यासमोरच्या शहाबादी फरशीवर उभा राहिला. सकाळी झाडायला बाहेर आलेल्या वहिनी दारातूनच म्हणाल्या, "अवो, ह्ये बघा की. तुमच्या ट्रॅक्टरनं काय केलंय ते."

फरशीवर पुरीएवढा डाग होता. दादानं बोट लावलं, वास घेतला. डिझेल.

ट्रॅक्टरचं इंजिन खोललं असेल तर गावातले लोक लांबूनच हळहळून पुढं जातात. क्रँकशाफ्ट, बेअरिंग ह्या भानगडीत पडायला नको वाटतं. गळतीचं तसं नाही. थेंब सगळ्यांना दिसतो, आणि जे दिसतं त्याबद्दल मत असण्याचा प्रत्येकाला हक्क असतो. दूध घालायला निघालेला माणूस किटली हातात घेऊन उकिडवा बसला आणि थेंब पडताना बघून "पडला" म्हणाला. दुसरा पडला तेव्हाही म्हणाला. त्याचं दूध त्या दिवशी डेअरीवर उशिरा पोचलं असणार.

थेंब पडत होता पंपाच्या बुडाखाली. साधा पंप नव्हे. ट्रॅक्टरवाला 'पंप' म्हणतो तेव्हा त्याला नोझलला डिझेल देणारा पंप म्हणायचा असतो. सगळ्या ट्रॅक्टरात महाग म्हणावी अशी जी मोजकी जागा असते, ती ही. त्यामुळं पंपाखाली थेंब दिसला की मालकाच्या तोंडचं पाणी पळतं आणि बघणाऱ्यांचा उत्साह वाढतो.

खरं तर डिझेल निघालेलं असतं टाकीतून. टाकीखालच्या कॉकमधून ते नळीनं फीड पंपात येतं, तिथून दोन फिल्टरांमधून गाळून मोठ्या पंपात जातं, पंपातून सिलिंडरमागे एक अशा बारीक पोलादी नळ्यांनी नोझलला पोचतं, आणि नोझलला जास्त झालेलं ओव्हरफ्लोच्या नळीनं परत फिरतं. ह्या वाटेवर जागोजागी जोड, बहुतेक जोडांना एक पोकळ बँजो बोल्ट आणि त्याच्या दोन्ही अंगांना तांब्याची एकेक वायसर. यातली कुठलीही जागा गळू शकते. आणि डिझेल हा पदार्थ जिथून निघतो तिथं थांबत नाही. पाणी सरळ खाली पडतं. डिझेल नळीच्या पोटाखालून, बोल्टच्या आट्यांवरून, कडेकडेनं चालत जातं आणि सगळ्यात खालचं जे टोक सापडेल तिथं लोंबकळून मग पडतं. ह्या वाटेवरचं सगळ्यात खालचं टोक बहुधा पंपाच्या बुडाशी असतं. एवढं कळायला वेळ लागतो. पंपाला आरोपी करायला लागत नाही.

आरोप केला तात्यांनी. तात्या एस.टी.च्या वर्कशॉपातून निवृत्त झालेत. डिझेल इंजिनावर ते बोलतात तेव्हा बाकीच्यांनी ऐकायचं, असा गावात संकेत आहे. पंपाला ते पंप म्हणत नाहीत, 'मायको' म्हणतात. पंपावर कुणाचंही नाव कोरलेलं असो, तो मायकोच. मायको ही बॉश ह्या जर्मन कंपनीची इथली कंपनी, 1951 सालची. 2008 साली तिनं मायको हे नाव सोडून बॉश हेच नाव घेतलं, पण ते तात्यांना विचारून घेतलेलं नाही. नाशकात अजून मायको सर्कल आहे, त्याचं कुठं बॉश सर्कल झालंय, असा त्यांचा बिनतोड सवाल असतो.

तात्यांनी पंपाखाली बोट फिरवलं, अंगठ्यावर घासलं आणि निकाल दिला, "मायकोचा सील गेला. काढा भाईर. टेस्टिंगला टाका."

पंप टेस्टिंगला टाकणं म्हणजे तालुक्याला नेणं. तिथं पंपाची एक थंडगार बंद खोली असते, धूळ येऊ नये म्हणून तिथं चपला बाहेर काढायला लावतात, आणि बाहेर काढलेल्या चपलांची अवस्था बघून बिलाचा आकडा ठरतो असा माझा संशय आहे. दादानं विचारलं, "तात्या, आधी दुसरं काय बघता येईल का?" तात्यांनी मोठ्या मनानं आधी वायसरी बघायचं कबूल केलं.

तोवर गुरुजी येऊन बसले होते. गुरुजी गणिताचे. त्यांनी घड्याळ काढलं, थेंब मोजले आणि सेकंदाला एक असा दर काढला. सलाइनच्या थेंबांचं माप गुरुजींना ठाऊक होतं, मिलिलिटरला वीस. पण डिझेलचा थेंब पाण्याच्या थेंबापेक्षा बारीक, म्हणून त्यांनी चाळीस धरले. दिवसाचे सेकंद 86,400. म्हणजे रोज दोन लिटर एकशे साठ मिलिलिटर. लिटरला नव्वद रुपये धरले तरी वर्षाला सत्तर हजारांच्या वर.

सत्तर हजार ऐकून जमलेल्यांत एकदम शांतता पसरली. दादानं खाली पातेलं लावलं. वहिनींनी ते पातेलं बघून उचललं आणि रंगाचा रिकामा डबा लावला.

वातावरण हलकं करावं म्हणून गुरुजींनी मग रुडॉल्फ डिझेलची गोष्ट सांगितली. ह्या गृहस्थांनी 1897 साली आपलं इंजिन चालवून दाखवलं, सगळ्या जगाला कामाला लावलं, आणि 1913 च्या सप्टेंबरात बोटीनं इंग्लंडला जाताना एका रात्री बोटीवरून नाहीसे झाले. त्या वेळी ते कर्जात बुडालेले होते.

"जुना ट्रॅक्टर घेतला आसंल," तात्या म्हणाले.

वायसरींचं काम मी मन लावून बघितलं, कारण त्यात खरोखर विद्या होती. तांब्याची वायसर एकदा आवळून दबली की कडक होते आणि मग कितीही पिळा, जोड धरत नाही. दुकानात जाऊन नवी आणणं हा एक मार्ग. तात्यांचा मार्ग दुसरा. त्यांनी वहिनींच्या गॅसवरचं चहाचं आधण खाली उतरवलं, वायसरी सांडशीत धरून लालबुंद होईतो तापवल्या आणि पाण्यात सोडल्या. पोलाद असं केलं की कडक होतं; तांबं मऊ पडतं. मऊ पडलेली वायसर नव्यासारखी बसते. चहा उशिरा झाला, पण त्याबद्दल त्या दिवशी कुणी तक्रार केली नाही.

जोड खोलताना एकेक गमती बाहेर आल्या. फिल्टरच्या बोल्टावर नळकामवाल्यांची पांढरी टेप गुंडाळलेली होती. बँजोच्या आट्यांना टेप लावून काही उपयोग नसतो, तिथं डिझेल थांबवते ती वायसर. पण आधीच्या एका मालकाचा मेहुणा प्लंबर असावा, आणि मेहुण्याला नाही कसं म्हणायचं? ओव्हरफ्लोच्या नळीवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा होता, वरून सुतळी, आणि सुतळीला गाठ अशी की ती बांधणारा माणूस बैलगाडीच्या काळातला हे लगेच कळावं. फीड पंपाच्या जोडाला शेलॅक लावलेला सुती दोरा होता, तोही सुबक वेढे घालून. आरसी बुकात नुसती नावं असतात. माणूस कसा होता ते दुरुस्तीत दिसतं, आणि दादाच्या ट्रॅक्टरात तिन्ही मालक अजून राहत होते.

जोड खोलायच्या आधी एक पोरगं पुढं सरसावलं होतं. ट्रॅक्टर चालू होता, नोझलच्या नळीवर ओल दिसली म्हणून त्यानं तिथं बोट लावायला हात पुढं केला आणि तात्यांनी त्या हातावर पान्याची अशी टिचकी मारली की पोरगं ओट्यावर जाऊन बसलं. तात्यांच्या बाकीच्या मतांबद्दल काहीही म्हणा, हे त्यांनी बरोबर केलं. मोटारीच्या चाकातली हवा असते दोन-सव्वादोन बारची. नोझलकडे डिझेल जातं ते दोनशे बारच्या आसपासच्या दाबानं. तिथं केसाएवढी फट असली तर निघणारी धार डोळ्याला दिसतही नाही आणि सरळ कातडीच्या आत शिरते. वरून टाचणी टोचल्याएवढी खूण, आतून बोट कापायची वेळ. तिथं पुठ्ठा धरून बघायचं असतं. पोराला हे कुणी समजावून सांगितलं नाही. पण टिचकी त्याच्या चांगली लक्षात राहील.

वायसरी बसल्या, जोड आवळले, एअर काढला आणि ट्रॅक्टर चालू झाला. थेंब बंद!

दादानं डबा बाजूला केला. तात्यांना बसायला खुर्ची आली. दुसऱ्या दिवशी सकाळी फरशी कोरडी, तिसऱ्या दिवशीही कोरडी. तात्या जाता-येता ओट्यापाशी थांबायचे आणि काही न बोलता फरशीकडे बघायचे. मग उसाची उचल मिळाली, दादानं एकदाची टाकी गच्च भरली, आणि सकाळी फरशीवर पुन्हा पुरी.

आता मात्र पंप निघाला. तात्यांनी तो स्वतःच्या देखरेखीखाली काढवला, तालुक्याला गेला, चपला निघाल्या. पंपवाल्यानं तो यंत्रावर चढवून फिरवला, सील बघितले, आणि म्हणाला, पंप चांगला आहे. तरी आलाच आहे तर सील बदलून टाकतो. बिल चपलांच्या मानानं जास्तच झालं. परत आल्यावर बसवायच्या वेळी दादानं विचारलं की पंप इंजिनाला बसतो तिथलं कागदी पॅकिंग नवं आणायचं का? तात्यांनी जुनं उजेडाला धरून बघितलं आणि म्हणाले, "चांगलं हाय. शेलॅक लावू." लावलं.

आणि थेंब बंद झाला. पंपाच्या बिलानंतर डिझेलला पैसे उरले नव्हते, त्यामुळं ट्रॅक्टर दोन कॅनवर चालला होता. पण त्याचा ह्याच्याशी काही संबंध असेल असं कुणालाच वाटलं नाही. सगळ्यांना पंपाचंच बिल दिसत होतं, आणि एवढं बिल फुकट गेलं असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. पुढं पेरणीच्या कामाचे पैसे आले, टाकी भरली. फरशीवर पुन्हा पुरी.

दादा हताश होऊन म्हणाला, "खिशात पैसा आला की गळतंय ह्ये."

हे वाक्य त्यानं वैतागानं म्हटलं होतं. वहिनींनी मात्र ते धरून ठेवलं. डिझेलची उधारी वहिनींच्या वहीत असते. कुठल्या तारखेला किती लिटर, रोख की उधार, सगळं. त्यांनी वही आणली, बोट ठेवत ठेवत खाली आल्या आणि म्हणाल्या, "टाकी भरली तवाच गळलंय की. दोन कॅन टाकल्यावर कधी गळलंय? सांगा एक दिवस."

तात्या म्हणाले, योगायोग. गुरुजींनी वही मागून घेतली आणि बराच वेळ बघत बसले. सत्तर हजारांचा हिशेब वर्षभर टाकी भरलेली आहे असं धरून केला होता हे त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्यानंतर तो आकडा त्यांनी पुन्हा उच्चारला नाही.

वहिनींचं म्हणणं खरं असेल तर अर्थ सरळ होता. पंप, फिल्टर, वायसरी सगळं टाकीच्या खाली. टाकीत चार लिटर असोत की चाळीस, त्यांच्यापर्यंत डिझेल पोचतंच. ते गळायचे तर कधीही गळतील. टाकी भरल्यावरच गळतं, म्हणजे भोक टाकीलाच आहे, आणि तेही बुडाला नाही, अर्ध्यावर कुठंतरी. डिझेल त्या उंचीच्या खाली गेलं की भोक कोरडं.

फिटरला बोलावलं ते ह्यानंतर. पंचविशीतला पोरगा, बोलायला कमी. त्यानं वही बघितली नाही, पण वहिनींचं म्हणणं ऐकून घेतलं आणि मान हलवली. टाकी गच्च भरायला लावली. मग सगळी डावी बाजू चिंध्यांनी कोरडी केली आणि म्हणाला, "घरात पावडर हाय का? तोंडाला लावायची?"

पुतणीचा डबा आला. तिनं तो द्यायला थोडी खळखळ केली, ते तिच्या दृष्टीनं योग्यच होतं. फिटरनं टाकीपासून पंपापर्यंत सगळीकडे पावडर उडवली. कोरड्या पावडरीवर ओल कुठून सुरू होते ते डोळ्यांनी दिसतं. भोक किती का बारीक असेना, तिथं आधी एक काळपट ठिपका उमटतो आणि मग त्याची रेघ खाली चालू लागते. आम्ही सगळे बसून राहिलो. ट्रॅक्टरला गुलाबाचा वास सुटला. रस्त्यानं जाणारा एक पाहुणा थांबून विचारता झाला, "पूजा हाय का?"

ठिपका उमटला टाकीच्या बगलेत, जिथं टाकीला आवळून धरणारी लोखंडी पट्टी वळते, बरोबर तिच्या कडेला. तिथून रेघ टाकीच्या पोटाखाली गेली, डिझेलच्या नळीवर चढली, नळीबरोबर फीड पंपापर्यंत आली, तिथून मोठ्या पंपाच्या बाजूनं उतरली आणि बुडाशी लोंबकळली. एवढ्या लांबचा प्रवास करून आलेल्या थेंबाला आम्ही इतके दिवस पंपाचा रहिवासी समजत होतो. दूधवाला तिथंच होता. थेंब पडला, पण ह्या खेपेला तो काही बोलला नाही.

मग फिटरनं टाकी उतरवली, आणि पट्टीखालचं सगळं खरवडायला घेतलं. माझ्या मते सगळ्या प्रकरणात बघण्यासारखा भाग हाच होता.

सगळ्यात वर व्यापाऱ्याचा रंग. ओल्यावर बसलेला, त्यामुळं फोड आलेला. नख लावताच पापुद्रा निघाला. रंगाखाली एम-सील. हे तिसऱ्या मालकाचं काम, डोंगराकडच्या. घाईत लावलेलं, कारण त्यावर अंगठ्याचा ठसा होता, आणि ठसा एवढा स्पष्ट की सातबाऱ्यावर चालला असता. भोक कुठं आहे ते न शोधता त्यानं ओल दिसली तेवढ्या सगळ्या भागावर थापलं होतं. एम-सील कोरड्या आणि घासून स्वच्छ केलेल्या पत्र्यावर बसतं. डिझेलच्या ओलीवर लावलं तर ते वरवर धरून राहतं आणि खालून डिझेल आपल्या वाटेनं जात राहतं. पण त्याला तेवढ्यात ट्रॅक्टर विकायचा असेल. विकायचा असेल तर एम-सील पुष्कळ झालं.

एम-सीलखाली साबण निघाला. लाल साबण, दाबून दाबून भरलेला, वर्षानुवर्षं जुना, दगडासारखा घट्ट. दुसरा मालक. ह्या माणसाबद्दल माझं मत चांगलं झालं. टाकीच्या बारीक भोकात साबण घासून भरला तर डिझेलमध्ये तो विरघळत नाही, आणि तात्पुरतं काम झकास भागतं. एकदम नवी वडी कुणी भरत नाही. ही अंघोळीच्या साबणाची शेवटची चिपटी असणार, घरात सगळ्यांचं आटपल्यावर जपून ठेवलेली. आणि ती अगदी बरोबर भोकावर होती. म्हणजे सोलापूरकडच्या त्या गृहस्थांना भोक कुठं आहे ते अचूक सापडलं होतं. डाखासाठी टाकी उतरवायची त्यांच्या जिवावर आलं, एवढंच. ट्रॅक्टर उसाच्या ट्रॉल्या ओढत असेल. कारखान्याच्या रांगेत उभ्या ट्रॅक्टरची टाकी कोण उतरवतो?

साबणाच्या खाली भोक. आणि भोकाच्या समोर, पट्टीच्या आतल्या अंगाला, पत्र्याची एक दुमडलेली पट्टी.

टाकी आणि लोखंडी पट्टी यांच्यामध्ये रबराचं पॅकिंग असतं. ते झिजतं, सुटतं, मग टाकी खडखडते. पहिल्या मालकाला, नगरकडच्याला, तो खडखडाट सहन झाला नसावा. त्यानं ऑईलच्या डब्याचा पत्रा कापून, नीट दुमडून, कडा ठोकून रबराच्या जागी बसवला. काम इतकं सफाईदार की फिटरही क्षणभर बघत राहिला. पत्र्यावर अजून थोडी छपाई शिल्लक होती, इंजिनाचं आयुष्य वाढण्याबद्दल काहीतरी. त्या पत्र्याची दुमड नांगरटीतल्या प्रत्येक हादऱ्याला टाकीवर घासत राहिली, आणि किती हंगामांनी कोण जाणे, टाकीला भोक पडलं. खडखडाट बंद करणाऱ्यानं गळती सुरू केली. तोवर त्यानं ट्रॅक्टर विकलेला होता, आणि विकताना छातीवर हात ठेवून सांगितलं असेल की आमच्याकडे एक थेंब गळत नव्हता. खरंच सांगितलं असेल.

टाकी गेली तालुक्याच्या रेडिएटरवाल्याकडे. डाख लावण्याचं काम आता त्यांच्याकडेच उरलंय. दादाला वाटलं होतं, रिकामी टाकी, लगेच हातात मिळेल. रेडिएटरवाल्यानं त्याला हात लावू दिला नाही. डिझेलनं भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी वाईट. आत राहिलेल्या ओलीची आचेनं वाफ होते, आणि ती वाफ हवेबरोबर कोंडलेली असली की टाकी फुटते. त्यानं ती सोडा घालून गरम पाण्यानं पुन्हा पुन्हा विसळली, मग भोक वर येईल अशी आडवी ठेवून भोकाच्या बोटभर खालपर्यंत पाणी भरलं. झाकण उघडंच. पत्रा घासून चकचकीत केला, नवसागराचा पांढरा धूर निघाला, आणि डाख एका झटक्यात पसरून बसला. तीन माणसांनी तीन तऱ्हांनी झाकलेलं भोक चहा थंड व्हायच्या आत बुजलं. पैसे त्यानं इतके थोडे मागितले की दादाला राग आला. पंपाचं बिल त्याच्या खिशातच होतं.

टाकी परत चढवताना खाली खरं रबर घातलं. डिझेल भरलं. मग एअर काढायचा कार्यक्रम, ज्याला पुन्हा सगळे हजर. नळ्यांत हवा शिरली की डिझेलचं इंजिन रुसून बसतं. हवा दाबली जाते, डिझेल पुढं सरकत नाही. फिल्टरवरचा छोटा स्क्रू सैल करायचा आणि फीड पंपाची दट्टी हातानं मारत राहायची. आधी नुसता फेस येतो, फसफस होते, मग बुडबुडे, आणि शेवटी अखंड धार. धार आली की स्क्रू आवळायचा. मग पंपावरचा स्क्रू, तिथंही तेच. मग नोझलचे नट थोडे सैल करून सेल्फ मारायचा. दट्टी मारायचं काम त्या पोराला दिलं होतं. टिचकीनंतर तो यंत्रांपासून दूरच बसायचा. फेसाची धार झाली तेव्हा पहिल्यांदा हसला.

ट्रॅक्टर चालू झाला. टाकी काठोकाठ भरलेली. सकाळी फरशी कोरडी. दादानं मुद्दाम भरलेल्या टाकीनं तो आठवडाभर तिथंच उभा केला, कामाला लांबच्या वाटेनं जाऊन आल्यावरही तिथंच. कोरडी. गुरुजी म्हणाले, वर्षाला बरेच पैसे वाचले. किती ते सांगितलं नाही.

आणि मग एका सकाळी वहिनींना फरशीवर काळा डाग दिसला. दादानं बोट लावलं. ह्या खेपेला डिझेल नव्हतं, इंजिन ऑईल होतं, काळं आणि चिकट, आणि होतं पुन्हा पंपाच्या बाजूला. फिटर आला, चिंधीनं पुसून, टॉर्च मारून बघितलं आणि म्हणाला, पंप इंजिनाला बसतो तिथलं पॅकिंग सोडतंय. पंप काढला होता ना मधी? जुनंच बसवलेलं दिसतंय. 

बातमी तात्यांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. ते आले, उकिडवे बसले, पंपाखाली बोट फिरवलं, अंगठ्यावर घासलं, वास घेतला आणि गुडघ्यावर हात टेकून उभे राहत दादाला म्हणाले, "म्या पयल्या दिवशी सांगितलं हुतं. पंप."